बुर्गाचं बाळ कुणाच्या बाजूचं?

"पोर आमचं!" फादर अन्सेल्म गरजले.

"पोर आमचं!" पास्टर क्रिस्पिन त्यांच्याहून मोठ्यानं गरजले.

आणि जिनं ते पोर जन्माला घातलं, ती बुर्गा पाववाली दोघांच्या मधे बाळाला छातीशी घट्ट धरून उभी होती. तिला कुणी विचारलंच नाही!

लिंडनबाख हे जर्मन मुलखातलं गाव. अर्धं कॅथलिक, अर्धं प्रोटेस्टंट. देव तोच, येशू तोच, पण वैर असं की साप-मुंगसांनी इथं शिकायला यावं! चर्च एकच होतं, म्हणून शहाण्यांनी त्याच्या मधोमध भिंत घातली. इकडे फादरांची घंटा वाजली की तिकडे पास्टरांची मंडळी मुद्दाम बेंबीच्या देठापासून गायला लागत. कॅथलिक गाईचं दूध प्रोटेस्टंटांना चालत नसे, प्रोटेस्टंट न्हाव्याचा वस्तरा कॅथलिकांना चालत नसे. आग लागली, तर आधी घर कुणाच्या बाजूचं ते विचारायचे आणि मग बादली उचलायचे. तोवर घर कुठलं उरायला!

बुर्गा कॅथलिक, तिचा नवरा योस्ट प्रोटेस्टंट. लग्नाच्या वेळी दोन्हीकडच्यांनी नाकं मुरडली. आता मूल झाल्यावर मात्र दोघांनाही प्रेमाचा उमाळा! कारण बाळाच्या डोक्यावर पाणी घालून बाप्तिस्मा जो देईल, पोर त्याच्या बाजूचं. एक डोकं वाढेल ना!

भांडण ड्यूक रुप्रेख्तच्या दरबारात गेलं. ड्यूक भारी हट्टी. त्यात ताटातलं बदक गार झालेलं, म्हणून भडकलेला.

"ए बाई, तुझ्या घरात दोन्ही पंथ नांदतात ना? मग रविवारी या दोघांना माझ्यासमोर एका गोष्टीवर एकमत करायला लाव. एका सुरात, एका तोंडानं! जमलं तर पोर तुझं. नाही तर ते माझ्या अनाथालयात जाईल आणि मोठं झाल्यावर फौजेत ढोल बडवील!"

"अनाथालयात? महाराज, त्याचे आईबाप जिवंत आहेत की!"

"मग भेटायला या कधीतरी," ड्यूक म्हणाला आणि बदकाकडे वळला.

घरी जाताजाता बुर्गानं प्रयत्न करून पाहिला.

"फादर, सूर्य पूर्वेला उगवतो ना?"

"अर्थात!"

"पास्टर, सूर्य पूर्वेला उगवतो ना?"

पास्टरांनी डोळे बारीक केले. "फादर काय म्हणाले, ते आधी सांग."

झालं! या दोघांचं एकमत होण्यापेक्षा दगडाला दात फुटतील, असं म्हणत बुर्गानं घर गाठलं. डोळे पुसतच तिनं बाळाला अंघोळ घालायला घेतली. डोक्यावर पहिला तांब्या ओतला, तसा बाळानं श्वास ओढून टाहो फोडला. आणि बुर्गाचा हात थबकला! असाच टाहो त्यानं जन्मल्यावर फोडला होता. आधी रडेचना, निळा पडला होता. आगाथे सुईणीनं घाईघाईनं त्याच्या डोक्यावर पाणी घातलं होतं, काहीतरी पुटपुटली होती आणि मग पाठीत थापट्या मारून त्याला रडवलं होतं. जिवाच्या भीतीपुढे बुर्गा ते साफ विसरली होती!

बाळाला फडक्यात गुंडाळून ती तशीच आगाथेकडे धावली. परतली ती हसतच. योस्टनं विचारलं, तर म्हणाली, "रविवारी कळेल. तू फक्त हसू दाबून धर."

रविवारी दरबार गच्च भरला. भिंत नव्हती, म्हणून दोन्ही बाजूचे लोक मधे वाट सोडून बसले.

"फादर, पास्टर," बुर्गा म्हणाली, "मी अडाणी बाई. एकच विचारते. एकदा बाप्तिस्मा झालेल्या पोराला कुणी दुसऱ्यांदा बाप्तिस्मा दिला, तर त्या माणसाचं काय करावं?"

"नदीत बुडवावं!" दोघं एकदम ओरडले.

फादरांनी पास्टरांकडे पाहिलं, पास्टरांनी फादरांकडे. शब्द परत गिळावेत, तर दोघांच्याही पोथीत तेच!

"वा!" ड्यूक म्हणाला. "एवढे पंडित, आणि एकमत झालं ते कुणाला बुडवायचं यावर!"

"एकमत झालं, पण बाप्तिस्मा बाकीच आहे!" पास्टर पाण्याच्या सुरईकडे झेपावले. फादरांनी ती दुसऱ्या बाजूनं धरली. सुरईची ओढाताण सुरू झाली.

"द्या की बाप्तिस्मा!" बुर्गा म्हणाली. "फक्त आधी नदी किती खोल आहे ते पाहून या. आगाथेमावशी, पुढे या बरं!"

म्हातारी आगाथे पुढे आली. "पोर हातचं जातंय असं वाटलं, महाराज. मी तेव्हाच पाणी घालून, देवाचं नाव घेऊन बाप्तिस्मा दिला."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"मला कुणी विचारलं? भांडणाला सुईण कोण बोलावतो!"

"आणि तू कुणाच्या बाजूची?"

"पोर निळं पडलं की मला माझी बाजू आठवत नाही, महाराज."

ड्यूकनं सुरईकडे बोट केलं. "बोला, सुईणीचा बाप्तिस्मा चालतो का?"

दोघांनी सुरई खाली ठेवली. नाही म्हणावं, तर समोर दोन्हीकडच्या आया बसलेल्या. जन्मताच गेलेली त्यांची लेकरं आगाथेच्या पाण्याच्या जोरावरच चर्चच्या आवारात निजली होती; बाप्तिस्म्याशिवाय त्या मातीत जागा मिळत नसे. त्या आया एकटक पाहत होत्या.

"चालतो," फादर पुटपुटले.

"चालतो," पास्टर खोकले.

"दुसरं एकमत! मी मागितलं होतं एकच!" ड्यूक मांडीवर थाप मारून हसला. "पण बाई, मग पोर कुणाच्या बाजूचं?"

"सध्या दुधाच्या बाजूचं, महाराज! बोलायला लागलं की बाकीचं तेच सांगेल."

ड्यूक इतका हसला की टोपी पडली. "घेऊन जा तुझं पोर! आणि हिला माझ्या गोठ्यातली दुभती गाय द्या!"

तेवढ्यात फादर आणि पास्टर दोघांनीही तोंड उघडलं.

"गाय कोणत्या पंथाची, हेच विचारायचंय ना?" बुर्गा म्हणाली. "विचारा की! फक्त तिच्या मागच्या पायांशी उभं राहून विचारा, म्हणजे ती लगेच उत्तर देईल!"