वेशीबाहेरचा राज्यकवी

लहानथोरांनो, फार फार जुनी गोष्ट आहे. एका राज्यात एक कवी होता. बागेतली कारंजी उडावीत म्हणून राजाने नदी वळवली, तेव्हा कवीने गाणं रचलं: ‘आटली माझी माय नदी, राजाची बाग हिरवीगार.’ राजाने त्याला हद्दपार केलं.

गाणं मात्र हद्दपार होईना. शेतात, बाजारात, बारशाला, मयताला लोक तेच म्हणायचे. दरबारी कवींनी पोतंभर गाणी लिहिली, ती कुणी गुणगुणलीसुद्धा नाहीत. परमुलखात तो सूर कानी पडला की लोक म्हणत, ही त्या राज्याची माणसं. राजा पक्का धूर्त. त्याने ओळ बदलून घेतली, ‘भरली माझी माय नदी, राजाची कृपा अपार,’ आणि ते राज्यगीत केलं. कवी वारल्याची दवंडी पिटली, चौकात त्याचा पुतळा बसवला आणि कायदा केला: वेशीवर जो हे गाणं म्हणेल, तोच आपला.

कवी तर जिवंत होता. म्हातारपणी त्याला निरोप आला की धाकटी बहीण अंथरुणाला खिळली आहे, दादाला एकदा पाहायचं म्हणते. पिकल्या दाढीत आपल्याला कोण ओळखतंय, असं म्हणून तो निघाला.

वेशीवर पहारेकऱ्याने गाणं म्हणायला सांगितलं. म्हाताऱ्याला हसूच आलं. डोळे मिटून त्याने आपलं गाणं म्हटलं.

“चुकलात, आजोबा. आमच्या कवीचं गाणं असं नाही,” पहारेकरी म्हणाला.

“अरे बाबा, तो कवी मीच. बहीण आजारी आहे, तिला भेटायला आलोय.”

पहारेकऱ्याने त्याला वेड्यात काढलं, पण हाकललं नाही. माणूस भला होता. जवळ बसवून त्याने राज्यगीत शिकवलं. एवढं म्हणा आणि जा बहिणीकडे, म्हणाला.

बहिणीसाठी कवीने तेही करायचं ठरवलं. पण समोर नदीचं कोरडं पात्र होतं आणि त्यातून बायका रिकाम्या घागरी घेऊन चालल्या होत्या. पहिल्याच ‘भरली’ या शब्दाशी तो अडला.

“नाही जमत रे,” तो म्हणाला.

पहारेकऱ्याने नाइलाजाने दार लावलं. तिकडे बहीण वाट पाहून पाहून गेली. इकडे वेशीबाहेरच्या लिंबाखाली कवीनेही प्राण सोडला, आणि परका म्हणून त्याला तिथेच पुरलं. नदीच्या वाळूत पाण्यासाठी खड्डे उकरताना बायका ‘भरली माझी माय नदी’ म्हणत राहिल्या. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

म्हणून सांगतो, जे राज्य कवीला डोक्यावर घेतं आणि त्याचं सत्य दाराबाहेर ठेवतं, त्याला आपलं माणूसही ओळखता येत नाही आणि आपलं दुःखही.