बांधलेली जमीन

“विष गेलं कुठं?”

भानगीर महाराजांनी पुन्हा तेच विचारलं, तेव्हा चेतनगीरला हसू आलं.

“संपलं, महाराज. यंत्राचा बरमा खोल घातला, आत चुना-सिमेंटचा रबडा सोडला, माती जागच्या जागी घुसळून काढली. आता पहार मारा, ठिणगी उडेल.”

मठामागच्या या जमिनीत रंगाच्या कारखान्यानं वर्षानुवर्षं सांडपाणी ओतलं होतं. कारखाना बंद पडला, तरी गवताची काडी उगवली नाही. कुत्रीसुद्धा वळसा घालून जात. ‘ही जमीन शांत कर, मग गादी तुझी,’ असं महाराज म्हणाले, तेव्हाच चेतनगीरच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. दीक्षेआधीचा इंजिनिअर तो. उद्या त्याला महंत म्हणून गादीवर बसवायचं ठरलं होतं.

महाराज अनवाणी पुढं गेले. मधोमध थांबले.

“उबदार आहे रे.”

“चुन्याची धग आहे. निवेल.”

“हं... काल संध्याकाळी मी इथं कान लावला होता.”

काय ऐकू आलं, ते चेतनगीरनं विचारलं नाही. त्यानंही कान लावला होता. खालून कुणीतरी नखं ओढत होतं. माती आवळताना असं वाजतं, हे त्यानं स्वतःला बजावलं, पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

महाराजांनी काठीनं जमिनीवर वर्तुळ काढलं. माणूस मांडी घालून बसेल, एवढं.

“माझी समाधी इथं खण. मिठाची पोती मागवून ठेव.”

गोसाव्यांना जाळत नाहीत. खड्ड्यात बसवतात आणि भोवती मीठ भरतात. महाराज वयानं थकले होते, त्यामुळे समाधीचं बोलणं नवं नव्हतं. तरी चेतनगीर घाईनं पुढं झाला.

“इथं... नको. नदीकाठी चांगली जागा आहे.”

“का? शुद्ध झालीय ना?”

“झालीय.”

“मग खण.”

महाराजांनी भिंतीला टेकवलेली पहार आणून त्याच्या हातात दिली.

त्यानं पाय रोवले. तळव्यांखाली पुन्हा ती नखं... आता कान लावायचीही गरज नव्हती. पहार डोक्यावर गेली आणि आवाज थांबला. वाट बघत असल्यासारखा.

पहार हातून गळून पडली.

“नाही खणता येणार, महाराज! विष कुठंही गेलेलं नाही. आतच आहे. मी नुसतं बांधून ठेवलंय. एक भोक पडलं तरी...”

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. चेतनगीरची उघडली होती, आणि भीतीनं त्याला रडू फुटलं.

“किती दिवस राहील बांधलेलं?”

“कुणी खणलं नाही, तर... राहील.”

“आणि कुणी खणायला आलं, तर?”

चेतनगीरनं पायानं पहार बाजूला सारली.

महाराजांनी खांद्यावरची भगवी छाटी काढली. त्या वर्तुळावर अंथरली. सुरकुत्या हातानं सारख्या केल्या.

“बैस, हीच तुझी गादी,” ते म्हणाले. “उद्याची कशाला वाट बघायची?”