काठावरच्या वहाणा

राजांची नावं आता कुणालाच आठवत नाहीत, इतक्या जुन्या काळातली ही गोष्ट आहे. एका गावात मागावर लुगडी विणणारा एक साळी होता आणि त्याची साळीण होती. घरात सासू होती, आठ वर्षांची थोरली मुलगी होती आणि चार वर्षांचा धाकटा होता. खाऊनपिऊन सुखी होते. पण सुखी माणसाला एक खोड असते. दुसऱ्याचं सुख आपल्यापेक्षा बोटभर जास्त दिसलं, की त्याला स्वतःच्या पानातलं गोड लागत नाही.

साळिणीची नणंद राजधानीत दिलेली होती. आदल्या वैशाखात ती नवरा-मुलांना घेऊन नदीतल्या बेटावर चार दिवस राहून आली होती. तेव्हापासून जिथं बसेल तिथं बेटच. बेटावरची वाळू कशी मऊ, पाणी कसं माठातल्यासारखं गार, जांभळाची सावली कशी दाट.

"वहिनी, एकदा जाऊन या," ती म्हणायची. "पण तुम्हाला कुठलं जमायला. तुम्ही आपल्या मागाची खटखट ऐकत बसा."

हे शेवटचं वाक्य साळिणीच्या मनात कुसळासारखं रुतलं. वर्षभर तिनं ते काढलं नाही, उलट जपलं.

पुन्हा वैशाख आला, माग थंडावला, तेव्हा तिनं नवऱ्याजवळ विषय काढला. साळी शांत माणूस. तो म्हणाला, "माझी ना नाही. पण त्या नदीबद्दल लोक बरंवाईट बोलतात आणि पोरं लहान आहेत. तू चार ठिकाणी विचार. तू म्हणशील तसं करू."

आता नीट ऐका. साळीण खरंच विचारायला निघाली असती, तर ही गोष्ट मला सांगावीच लागली नसती.

त्या गावात बायका काही लक्षात ठेवायचं असलं की पदराला गाठ मारत. साळिणीनं ठरवलं, एका होकाराला एक गाठ. नकाराला काय करायचं, ते तिनं ठरवलंच नाही.

पहिल्यांदा तिनं माहेरी आलेल्या नणंदेला विचारलं. नणंद हसली. "अहो वहिनी, मी तुमच्यासमोर उभी आहे ना? बुडाले असते तर बोलायला आले असते का?"

खरं होतं तिचं. बुडालेली माणसं बोलायला येत नाहीत. सगळं शहाणपण त्याच एका वाक्यात होतं, पण बोलणारीला ते कळलं नाही आणि ऐकणारीला नको होतं. साळिणीनं पहिली गाठ मारली.

मग आठवड्याच्या बाजारात हरभरे घ्यायला आलेला एक फुटाणेवाला भेटला. त्याचं दुकान त्याच नदीच्या काठावर होतं. तो म्हणाला, "बिनघोर या. दिवसाला शंभर माणूस पलीकडं जातं. पोरांना मी चुरमुऱ्याचे लाडू देतो." दुसरी गाठ बसली. जाणाऱ्या-येणाऱ्यांवर ज्याची चूल पेटते, तो जाऊ नका म्हणेल? खाटकानं कधी बोकडाला सांगितलंय का, की आज इकडं फिरकू नकोस?

तिसरी कोळीण. सुकटाची पाटी घेऊन दारावर आली होती. साळिणीनं विचारलं, तशी तिनं पाटी खाली ठेवली.

"वैशाखात जाऊ नका, बाई. वर डोंगरात वळीव पडतो. बेटावर आभाळ कोरडं असतं, ऊन असतं, आणि पाणी मागून येतं. आधी एक गढूळ रेघ दिसते. ती दिसली की पळायचं. पण बहुतेकांना ती दिसत नाही."

"म्हणजे रोज येतं का असं पाणी?"

"रोज कसं येईल?"

"मग महिन्यातून?"

"कधी एकदा, कधी दोनदा. एखाद्या साली येतही नाही."

"पण रोज नाही ना?"

कोळिणीनं सुकटाची मूठ भरून धरली. "बाई, तुला सुकट घ्यायचंय की माझ्याकडून होकार घ्यायचाय?"

साळिणीनं ओंजळभर सुकट घेतलं आणि तिसरी गाठ मारली. 'रोज येत नाही', या बोलाची गाठ.

सासू उंबऱ्यावर बसून ऐकत होती. ती म्हणाली, "राजाची दवंडी ऐकलीस ना? वैशाखात बेटावर जाऊ नये म्हणून."

"आत्याबाई, राजाचं काय घेऊन बसलात. त्याचे लोक विहिरीपाशी जपून जा म्हणूनही ओरडतात. आपण पाणी भरायचं सोडलं का?"

"विहिरीला कठडा असतो गं. नदीला असतो का?"

साळीण चुलीकडं वळली.

संध्याकाळी तिनं नवऱ्यापुढं पदर धरला. "बघा. तिघांनी हो म्हटलंय."

साळ्यानं तिन्ही गाठी बोटानं चाचपल्या. "आणि नाही कोण म्हणालं?"

"कुणी नाही."

"दवंडीचं?"

"ती दरसाल असते."

त्यानं पुन्हा विचारलं नाही. ज्या बाईच्या हातचं बारा वर्षं खाल्लं, ती पोटच्या पोरांच्या बाबतीत खोटं बोलेल, असं त्याच्या मनात यावं तरी कसं?

धाकट्यासाठी नव्या वहाणा शिवून घेतल्या, लाल गोंड्याच्या. बैलगाडीच्या दोन दिवसांच्या वाटेवर तो त्या पायांतून काढेना. झोपतानाही पायांत.

नदी आली. अलीकडच्या काठापासून बेटापर्यंत गुडघाभर पाणी होतं. ते ओलांडायचं म्हणून सगळे उंच काठावर वहाणा काढून ठेवत, नदीकडं तोंड करून. तिथं वहाणांच्या ओळीच्या ओळी लागल्या होत्या. शंभरावर जोड असतील. सासू गाडीतून उतरली आणि झाडाखाली बसली. म्हणाली, "मी पलीकडं येत नाही. पोरांनाही ठेवा."

साळ्याचा पाय अडला. "पाण्याला ओढ वाटते गं. मला काही ठीक वाटत नाही."

"अहो, वहाणा बघा," साळीण म्हणाली. "एवढं जग पलीकडं गेलंय. ते सगळे वेडे आणि आपण तेवढे शहाणे?"

साळी पोरांचा हात धरून पाण्याकडं निघाला. धाकटा वहाणा काढायला तयार नव्हता. साळिणीनं त्या ओढून काढल्या आणि ओळीत ठेवायला वाकली.

काठावर एक म्हातारी आरी-दोरा घेऊन वहाणांचे तुटलेले अंगठे शिवत बसली होती. वर न बघता ती म्हणाली, "वाकलीच आहेस तर जरा नीट बघ."

साळिणीनं बघितलं. वहाणांवर धूळ होती. आज-कालची नव्हे, पावसात भिजून पुन्हा सुकलेली, पापुद्रे धरलेली धूळ. एका जोडात कोळ्यानं जाळं विणलं होतं. आणि तिनं जिथं लाल गोंड्याच्या वहाणा ठेवल्या, तिथं शेजारी तेवढ्याच मापाचा एक जोड होता. त्याच्या टाचेतून गवत उगवलं होतं.

"परत येतो तो आपली वहाण घालून जातो," म्हातारी म्हणाली. "इथं राहिल्या त्या कुणाच्या, ते तूच सांग. आमच्या गावात मालकावाचून वहाण हलवत नाहीत. न जाणो, आला तर अनवाणी जायचा."

पुढं लोकांनी साळिणीची कीव केली. म्हणाले, बिचारीला काय ठाऊक. ठाऊक होतं. त्या घडीला तिला सगळं कळलं होतं, गाठीही कळल्या होत्या. एक हाक मारली असती तर नवरा आनंदानं माघारी फिरला असता. पण दोन दिवसांची वाट तुडवून माघारी जायचं? नणंद हसेल. म्हणेल, काय वहिनी, काठावरूनच आलात? तिनं एका पारड्यात दोन लेकरं टाकली, दुसऱ्यात नणंदेचं हसू टाकलं, आणि लुगडं खोचून पाण्यात उतरली.

बेट सुंदर होतं. नणंद खोटं बोलली नव्हती. फक्त तिथं माणूस नव्हतं.

"वहाणा एवढ्या, आणि माणसं कुठं आहेत?" साळ्यानं विचारलं.

"असतील पलीकडच्या टोकाला."

पोरं वाळूत लोळली. धाकट्यानं पाण्याच्या कडेला वाळूचा ढीग केला आणि त्याला आपला वाडा म्हणाला. साळी पाण्यात पाय सोडून बसला होता. कितीतरी वर्षांनी त्याच्या कानात मागाची खटखट नव्हती. तो म्हणाला, "बरं झालं तू हट्ट धरलास."

तेवढ्यात त्याच्या पायांशी पाणी गढूळ झालं.

रेघ आली ती साळिणीनं ओळखली. ती ओरडली, साळी उठला. दगडावरून शंभर गाड्या याव्यात तसा आवाज वरच्या वळणावरून येत होता. आभाळात ढगाची चिंधी नव्हती. त्यानं थोरलीला उचलून जांभळावर चढवलं, बायकोला ढकलून वर घातलं, आणि वळून बघितलं. धाकटा वाड्यापाशी उभा होता. पाणी वाड्याला लागलं म्हणून रडत होता.

साळी धावला. पोरापर्यंत पोचलाही. त्याला खांद्यावर घेऊन त्यानं झाडाकडं चार पावलं टाकली, तीही साळिणीनं मोजली. पाचवं पाऊल पडायला खाली जमीन राहिली नव्हती.

दुपार कलली तसं पाणी उतरलं, आणि थोरलीला पाठीवर बांधून साळीण काठाला लागली. सासू उभीच होती. तिच्या हातात लाल गोंड्याच्या वहाणा होत्या. तिनं छाती बडवली नाही, शिवी दिली नाही. एवढंच विचारलं, "खरं सांग आता. नाही कोण कोण म्हणालं होतं?"

"कोळीण म्हणाली होती," साळीण म्हणाली. "दवंडी म्हणाली होती. तुम्ही म्हणाला होतात. ही म्हातारीही म्हणाली."

"आणि माझ्या लेकाला काय सांगितलंस?"

"कुणी नाही."

सासूनं लाल वहाणा जिथं होत्या तिथं, गवत उगवलेल्या जोडाशेजारी ठेवल्या. नातीला गाडीत घातलं. "तू यायचं तर ये, राहायचं तर राहा," म्हणाली, आणि गाडीवानाला गाडी जुंपायला लावली.

साळीण राहिली. कुठल्या तोंडानं जाणार होती?

तिसऱ्या दिवशी ती त्या ओळींसमोर बसली असता तिच्या मनात आलं, आपण या वहाणा बघून फसलो, पुढच्यानं फसू नये. गावाची रीत अशी, की वहाण हलवायची नाही. तिनं हलवली नाही, फक्त वळवली. एकेक जोड जागच्या जागी फिरवून तोंडं घराच्या वाटेकडं केली. शंभरावर जोड. नदीकडून माघारी निघालेली, माणसं नसलेली पावलं. आंधळ्यालाही कळेल, असं तिला वाटलं.

दुसऱ्या सकाळी एक गाडी आली. नवरा, बायको, तीन पोरं. बाईच्या पदराला चार गाठी होत्या.

नवरा म्हणाला, "पाणी जरा जास्तच दिसतंय."

"अहो, वहाणा तरी बघा," बाई म्हणाली. "परत आल्यावर पाय घालायला सोपं जावं, म्हणून वळवून ठेवल्यात. म्हणजे सगळे परत येतात, तेव्हाच ना?"

साळीण त्यांच्या वाटेत उभी राहिली. "हे सगळे मेलेत. यात माझा नवरा आहे, माझा मुलगा आहे. तो लाल गोंडा बघा."

बाईनं फुटाणेवाल्याला विचारलं, "ही कोण हो?"

"आहे एक," तो लाडू वळत म्हणाला. "डोक्यावर परिणाम झालाय. तुम्ही या बिनघोर."

ती माणसं तिला वळसा घालून पाण्यात उतरली.

त्या दिवशी पाणी आलं नाही. रोज येतच नाही. उन्हं उतरताना ती सगळी हसत परत आली. वहाणा घालता घालता त्या बाईनं चुरमुऱ्याचा एक लाडू साळिणीच्या ओच्यात टाकला. "बघ बाई, आलो ना परत?"

गाडी गेली. आता गावी जाऊन ती आपल्या कुणा वहिनीला सांगणार होती, मी तुमच्यासमोर उभी आहे ना?

साळीण उठली. वाऱ्यानं एक लाल वहाण नदीकडं फिरली होती. तिनं ती पुन्हा घराकडं वळवली.

कहाणी संपली की सुफळ म्हणायची रीत आहे. ही सुफळ नाही, म्हणून मी म्हणत नाही. बोध तेवढा घेऊन जा.

होकार गोळा करणं म्हणजे चौकशी नव्हे. परत आलेले शंभर बोलतील, पण लेकरांना घेऊन निघण्याआधी न आलेल्यांच्या वहाणा मोजा.