शोभेची लाकडं

गावात नुकता गॅस आला होता, तेव्हाची गोष्ट. भामाबाईंनी चूल सारवली आणि तिच्यात बाभळीची लाकडं शोभेला रचली. वर पॉलिश मारलं. लाकडांना लगेच शिंगं फुटली.

थंडीत मनी मांजर तीन पिल्लं घेऊन आली. "पिल्लं काकडलीत. एखादं तरी पेटा रे."

"आम्ही शोभेची. पॉलिश जाईल."

चूल म्हणाली, "मने, मी काय करू? माझ्या तोंडात हे बोळे कोंबलेत."

अंगणात बंबातली पेटती गोवरी ओरडली, "इकडं आण गं त्यांना. मी शेणाची, मला कसली आलीय शोभा?"

पिल्लं बंबापाशी उबेला झोपली. मनी परत चुलीकडे गेली आणि लाकडांवर कराकरा नखं घासू लागली.

"अगं, पॉलिश!"

"बसूनच आहात," मनी म्हणाली, "म्हटलं, नखं तरी घासून घ्यावी."