परमार्थ मठाची पाटी

केरबा पेंटर दिवसा दुकानांच्या पाट्या रंगवायचा आणि संध्याकाळी परमार्थ मठात मृदंग वाजवायचा. मठात नव्याने आलेल्या निर्लोभानंद महाराजांना हे खपेना. भर भजनात त्यांनी त्याला उठवलं.

"पैशासाठी राबणारे हात इथे नकोत! आधी अर्थ सोड, मगच परमार्थ. काय ते एक निवड."

केरबाचा चेहरा पडला. घरात खाणारी चार तोंडं, ब्रश सोडून कसं चालेल? आणि मृदंगाला हात लावल्याशिवाय त्याला झोप कुठली!

थोडा विचार करून तो म्हणाला, "महाराज, जाता जाता मठाची पाटी रंगवून देऊ? सेवा म्हणून."

"दे. पण त्यात अर्थाचा लवलेशही नको!"

"जशी आज्ञा."

दुसऱ्या दिवशी पाटी लागली आणि अख्खं गाव हसत गोळा झालं. 'परमार्थ मठ'ऐवजी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'परम मठ'.

महाराज कडाडले, "केरबा! याला काही अर्थ आहे का?"

"नाही महाराज," केरबा हात जोडून म्हणाला. "तुमच्याच आज्ञेनं काढला."

महाराज क्षणभर पाटीकडे बघत राहिले आणि मग खो खो हसत सुटले.

"घाल बाबा तो परत," ते म्हणाले, "आणि हात धुऊन मृदंगावर बस."