वऱ्हाडापुढचा लाल दिवा

एका गावात एक भोळा म्हातारा होता. भोळा हा माझा शब्द. गाव दुसरा शब्द वापरतं. म्हातारा मीच.

पुतण्या दिगंबरचं लग्न ठरलं. गोरज मुहूर्त. नवरीचं गाव लांब, रस्ता सगळा उसातून. टेंपोवाला यल्लाप्पा परगावचा. वाट दाखवायचा मान माझा. मी मोटारसायकलवर पुढे, वऱ्हाड टेंपोत मागे.

यल्लाप्पा माझी गाडी बघून म्हणाला, "काका, हा मागचा दिवा आहे की विझती उदबत्ती? एलईडी बसवा. इंडिकेटरलाही. आणि वळताना ओरडू नका, हात करू नका. सिग्नल द्या."

ध्यानात ठेवलं.

दिवे आणले. स्वतः बसवले. लाल पेटेना. दस्तगीर मेकॅनिक म्हणाला, "चाचा, एलईडीला उलटं-सुलटं असतं. पेटला नाही तर उलटा करून लावा."

उलटा केला. पेटला. ध्यानात ठेवलं.

संध्याकाळी आमची कोंडाबाई म्हणाली, "अहो, शेगडी पेटत नाही."

मी शेगडी उलटी केली. वर दुधाचं पातेलं होतं.

"अहो देवा! टाकी संपली असेल. आधी उचलून बघावं माणसानं, रिकामी आहे का!"

ध्यानात ठेवलं. सकाळी डावा इंडिकेटर पेटेना. मी मोटारसायकल उचलून बघितली. रिकामी नव्हती. कंबर गेली.

दस्तगीरने सुटलेली वायर जोडली. मी रस्त्यावर फेरी मारायला निघालो. मागून एसटी हॉर्न देत होती. मी मधूनच चाललो. रस्ता काय तिच्या बापाचा? ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "आजोबा, हॉर्न ऐकला की डावा सिग्नल द्या आणि बाजूला व्हा!"

हेही ध्यानात ठेवलं.

लग्नाचा दिवस. सूर्य कलला. उशीर झालेला. मागून यल्लाप्पाने हॉर्न दिला. मी डावा सिग्नल दिला आणि बाजूला झालो. टेंपो झटकन डावीकडे वळला.

तो साखर कारखान्याचा रस्ता होता. मला वाटलं, पुढे गेला म्हणजे वाट माहीत असेल. मी त्याच्या मागे. टेंपो उसाच्या गाड्यांच्या रांगेतून थेट वजनकाट्यावर चढला.

काटेवाला म्हणाला, "ऊस कुठाय?"

मी म्हणालो, "नवरदेव आहे."

दिगंबर रडकुंडीला आला. "काका, मुहूर्त टळला तर सासरे मला दारात उभं करायचे नाहीत!"

यल्लाप्पाने हात जोडले. "काका, तुम्ही पुढेही नको, मागेही नको. गाडीसकट टेंपोत चढा. तिथून फक्त वाट सांगा."

वऱ्हाडाने मोटारसायकल मागे हौद्यात चढवली, दोराने बांधली. मी तिच्यावर ताठ बसलो. चावी फिरवली. मान तो मान.

फाटा आला. नवरीचं गाव उजवीकडे. ओरडायचं नव्हतं. हात करायचा नव्हता. मी उजवा सिग्नल दिला. काय लखलखला!

यल्लाप्पा पुढे केबिनमध्ये. टेंपो सरळ गेला.

आमच्या मागे ऊस रिकामा करून निघालेला एक ट्रॅक्टर होता. त्याचे पुढचे दिवे गेलेले. बिचारा माझ्याच दिव्यावर चालला होता. तो मात्र बरोबर उजवीकडे वळला.

ऐन गोरज मुहूर्तावर मांडवाच्या दारात वाजंत्री वाजली, आणि नवरीच्या आईने ट्रॅक्टरवाल्याला ओवाळलं.