करंजघोळच्या खिडकीपुढच्या दोन फरश्या

घाटमाथ्यावरच्या करंजघोळच्या पोस्टात दहाला खिडकी उघडते आणि आतून पहिली हाक येते, "तिसरा कोण?" मग रांगेत सर्वांत पुढे उभा असलेला माणूस हात वर करतो. नवखा पाहुणा हसतो आणि पुढच्या मोकळ्या जागेकडे सरकतो. तेव्हा निवृत्त पोस्टमन दौलतकाका त्याचा दंड धरून त्याला मागे ओढतात. "हसा हो, पण इथून हसा," म्हणतात. खिडकीपुढच्या पहिल्या दोन फरश्यांवर इथे कुणी पाय ठेवत नाही.

असे सांगतात, की पहिल्या महायुद्धाच्या वेळी इथे नरहर खांबेटे नावाचे पोस्टमास्तर होते. माणूस सचोटीचा, पण शिस्तीचा मोठा गर्व. वीस वर्षांत त्यांच्या नोंदवहीत एकही खाडाखोड नव्हती. तपासनीस यायचा तो ती वही दुसऱ्या गावांत दाखवायला मागायचा, आणि खांबेट्यांना चार दिवस जेवण गोड लागायचे. त्यांचा एकुलता एक मुलगा फौजेच्या टपालखात्यात दूर इराकात, बसऱ्याला होता. गावातली आणखी तीसेक पोरे तिकडेच लढत होती. त्यामुळे रजिस्टर पत्र आले, की पोर गेल्याची खबर तर नसेल, म्हणून घेणारा आधी देवाचे नाव घेई. असे पत्र ज्याचे त्याच्याच हाती, तेही अंगठा घेऊन द्यायचे. वेळ वाचावा म्हणून शिपाई रांगेतच अंगठ्यांना शाई लावत जाई.

आषाढात एकदा खालच्या वाडीतल्या ठकूबाई शेलारणीच्या नावे असे पत्र आले. ओढा भरलेला, ती कसली येते, असे धरून खांबेट्यांनी दुपारीच तिच्या नावापुढे लिहून टाकले, ‘घेणारी हजर नाही.’ आणि तिनाला पाच कमी असताना ती खिडकीशी पोचली. चिंब भिजलेली, अंगठ्याला शाई लागलेली.

"द्या साहेब. माज्या पोराचं हाय."

खांबेट्यांनी वहीकडे पाहिले. तिला पत्र द्यायचे तर ती ओळ खोडावी लागणार होती. त्यांचे मन क्षणभर द्रवलेही म्हणे, पण हात काही पुढे झाला नाही. "उद्या या," ते म्हणाले आणि पाच मिनिटे आधीच त्यांनी खिडकी लावली.

बाहेरून आवाज आला, शांत. "बोटाला शाई लागलीया, साहेब. आता म्या रांगंतच हाय. माज्या मागं जो असंल, त्येला थांबाय लागंल."

परतताना ठकूबाई ओढ्यात वाहून गेली. प्रेत मिळाले नाही. दुसऱ्या दिवशी पावसाने उघडीप दिली, तरी खिडकीपुढची पहिली फरशी ओलीच होती. तिच्यावर उभे राहणाऱ्याच्या पायांत गोळे येत. लोक आपसूक एक पाऊल मागे उभे राहू लागले. खांबेटे चिडले, फरशी दोनदा पुसून घेतली, पण ती काही सुकली नाही.

पाचव्या दिवशी बसऱ्याहून त्यांच्याच नावे रजिस्टर आले. अक्षर मुलाचे नव्हते. नोंद करायला त्यांनी वही उघडली. त्यांची ओळ ठकूबाईच्या ओळीखालीच येत होती. वरच्या ओळीला ओल लागली होती आणि तिच्यातला शेवटचा शब्द धुऊन गेला होता. आता तिथे एवढेच उरले होते, ‘घेणारी हजर.’

खांबेट्यांनी टाक खाली ठेवला. पत्र तसेच बंद ठेवून ते बाहेर गेले आणि ओल्या फरशीच्या मागे उभे राहिले.

"साहेब, आत या. तुमचंच पत्र आहे," कारकून काकुळतीला आला.

"माझा नंबर दुसरा आहे. बाईंचं होऊ दे."

त्यांची बायको उमाबाई घरून धावत आली. तिने सगळ्यांदेखत त्यांचे पाय धरले. "माझं पोर आहे की गेलं, एवढं तरी बघा हो!" खांबेट्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या, पण ते जागचे हलले नाहीत. तीन वाजता खिडकी लागली. दुसऱ्या दिवशी दहाला ते पुन्हा तिथेच उभे होते.

असे अकरा महिने चालले म्हणतात. मग एका दुपारी तीनचे ठोके पडले आणि पाहतात तो दुसऱ्या फरशीवर नुसती छत्री. माणूस त्यानंतर कुणाला दिसला नाही. मुलगाही परतला नाही आणि त्याची खबरही आली नाही. उमाबाई भावाकडे निघून गेली.

मुदत सरली, की पोस्टातले जुने दप्तर जाळून टाकायचा रिवाज आहे. ती वही मात्र जाळायला कुणी धजावत नाही. दोन न उघडलेली पत्रे पोटात घेऊन ती लोखंडी कपाटात पडून आहे. नव्या कारकुनाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट बजावतात, तीन वाजल्याशिवाय कुणाच्याही नावापुढे ‘हजर नाही’ लिहायचे नाही.

आजही भर वैशाखात पहिली फरशी ओली असते. दुसरी कोरडी ठणठणीत, पण तिच्यावर टाचांच्या जागी दोन खळगे पडले आहेत. दौलतकाका नोकरीला लागले तेव्हा त्यांत चिंचोका मावत असे. आता अख्खी सुपारी मावते.